शेवटची बस नावाची पळी

चहाच्या शिक्षणात एक वेळ अशी येते, की चहा पिऊन झालेला असतो, वाडगा खंगाळून झालेला असतो, आणि मुख्य पाहुणा यजमानाला अदबीने विचारतो: पळी कुणी घडवली? तिचं नाव काय? पळी म्हणजे डबीतली हिरवी पूड वाडग्यात घ्यायची बांबूची वीतभर पट्टी, टोकाशी वाकवलेली. खऱ्या समारंभात या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायची असतात. पण सरावाच्या पळीला ना कर्ता असतो ना नाव. म्हणून शिकणाऱ्याने ऋतू बघून काहीतरी सुंदरशी थाप मारायची, अशी पद्धत आहे. थाप जितकी हळुवार तितकी विद्या पुढे गेली, असं समजतात.

मात्सुए गावात, तळ्याकाठच्या गल्लीत, ओगुरा सेन्सेईंच्या, म्हणजे चहा शिकवणाऱ्या गुरुबाईंच्या, वर्गात दर शनिवारी दुपारी अशा थापा चालत. पळी कुणी घडवली? डोंगरावरच्या मठाच्या आधीच्या मठाधिपतींनी. नाव? 'दूरचा हंस'. पुढच्या शनिवारी तीच पळी, तेच मठाधिपती, नाव 'उरलेला बर्फ'. या मठाधिपतींनी हयातभर पळ्या तासण्यापलीकडे काही केलं असेल, असं वाटत नाही.

गंमत अशी, की सेन्सेईंच्या वर्गातली पळी बाजारातली नव्हती. ती त्यांच्या नवऱ्याने घडवली होती. ओगुरा शिगेहिको हे गावातल्या सिटी बसचे ड्रायव्हर. चहातलं त्यांना एवढंच कळायचं, की तो कडू असतो. सेन्सेईंच्या माहेरचं गवती छपराचं घर पाडलं, तेव्हा चुलीच्या धुराने पिढ्यान्‌पिढ्या काळवंडलेला एक बांबू त्यांनी मागून घेतला आणि महिनाभर खपून पळी केली. आयुष्यात केलेली ही एकच. डावी बाजू जास्त तासली गेल्यामुळे ती गर्दीत उभ्या असलेल्या माणसासारखी एका अंगाला कलली होती. नाव ठेवलं 'शेवटची बस'. नंतर ते वारले. वस्तू डब्यात ठेवली की मरते, असं सेन्सेईंचं मत, त्यामुळे पळी दर शनिवारी बाहेर यायची, आणि आपला बस ड्रायव्हर नवरा दर आठवड्याला मठाधिपती होतो हे ऐकताना सेन्सेई खाली बघून हसायच्या.

ही पळी नागासेने मोडली.

नागासे तोमोनोरी तिशीतला, दातांच्या कवळ्या बनवणारा कारागीर. लोकांच्या तोंडात खोटं घालणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योगच. हात मात्र फार नेटका, म्हणून सराव संपल्यावर मागच्या खोलीत भांडी आवरायचं काम सेन्सेई त्याच्यावर सोपवत. नव्या वर्षाच्या पहिल्या वर्गाला थंडी कडाक्याची होती, म्हणून त्याने किमोनोच्या आत आजोबांची लोकरीची बंडी घातली होती. दुपारभर ती बंडी त्याला चावत होती. पाहुण्यांसमोर खाजवणं म्हणजे देवळात शिट्टी मारण्यासारखंच. तो दम धरून राहिला. मागच्या खोलीत आल्यावर मात्र दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथे कुणाचाच हात पोचत नाही तिथे, असा काही डोंब उसळला की त्याने हाताला येईल ते उचललं आणि मानेमागून किमोनोत घातलं.

पहिले दोन हात स्वर्गसुख होतं. तिसऱ्याला कट्‌ झालं.

खाज जागच्या जागी थांबली. हे त्याला पुढे कित्येक दिवस खुपत राहिलं, की निदान ती तरी चालू राहायला हवी होती.

बाहेरून सेन्सेईंनी विचारलं, सगळं ठीक ना? तो ठीक म्हणाला. हा शब्द तोंडातून गेला आणि मागे वळायची वाट बंद झाली. तुकडे त्याने बाहीत घातले, पळी ठेवायची बांबूची नळी रिकामीच झाकण लावून जागेवर ठेवली, आणि वाकून नमस्कार करून घरी गेला. इतका खोल वाकला की सेन्सेई म्हणाल्या, नव्या वर्षात नम्रता वाढलेली दिसते.

घरी आजोबा होते. नागासेच्या आजोबांना चहाचा सोस मोठा, पण रीतीचा नाही. सकाळी दहा आणि दुपारी तीनला भाताच्या वाडग्यात पूड टाकून, अंडं फेटल्यासारखी घुसळून पीत. त्यांच्या उशाशी पाठ खाजवायची एक काठी असे. त्यांच्याही जुन्या घराच्या छपरातल्या बांबूची. काळसर तांबूस, हाताने गुळगुळीत झालेली, टोकाशी वाकवलेली. नागासेने त्या रात्रीच्या जेवणात त्या काठीकडे पाहिलं, आणि घास त्याच्या तोंडातच राहिला.

रविवारी दातांची कार्यशाळा बंद असते. नागासेने आत बसून, ज्या पात्यांनी तो दाढेच्या खाचा कोरतो त्या पात्यांनी आजोबांची काठी तासली. आधीपासूनची वाक कामालाच आली. डाव्या अंगाचा कल, गाठीवरची बारीक चीर, पाठीवर पातं घसरल्याची खूण, एकूण एक त्याने उतरवून घेतलं. शेवटी दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा फरक एकच होता: एक मोडलेली होती.

पुढच्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी गेला आणि नवी पळी नळीत सरकवून ठेवली. सेन्सेईंनी नळीतून पळी काढली, रुमालाने पुसली, क्षणभर तळहातावर धरली आणि पुढे ठेवली. मग ती हातोहात फिरली. कुझे बाईंकडे आली. कुझे बाईंचं तळ्यातल्या शिंपल्यांचं दुकान. जिभेला धार अशी, की शिंपले सुरीशिवाय उघडतात असं गिऱ्हाइकं म्हणत. त्यांनी पळी खालून वर, वरून खाली पाहिली.

"यंदा ही जास्त बोलते," त्या म्हणाल्या. "गेल्या साली जरा घुमी होती."

सेन्सेईंनाही तसंच वाटलं. माणूस जाऊन जसजसा काळ लोटतो, तसतसं त्याच्या हातचं काम खुलत जातं, असं त्या म्हणाल्या. कुझे बाईंना त्या वाकेत एका अबोल पुरुषाचा एकाकीपणा दिसला. नागासेला त्यात आजोबांची पाठ दिसत होती.

आता कुणी म्हणेल, सुटला. पण सुटण्यासारखी वाईट गोष्ट नाही. पकडला गेलेला माणूस एकदा शिव्या खातो आणि मोकळा होतो. नागासेला दर शनिवारी त्या पळीचं कौतुक ऐकावं लागे. घरी आजोबा काठी शोधून थकले होते. आधी त्यांनी मांजरावर संशय घेतला, मग देखभालीला येणाऱ्या बाईवर, आणि ती बाई रडत घरी गेली, तेव्हा नागासे म्हणाला, राहू द्या, मी खाजवतो. तेव्हापासून रोज जेवणानंतर आजोबा बंडी वर करून बसत आणि तो खाजवत असे.

"वर. अजून वर. कवळ्या करतोस ना? मग जरा नेम धरून कर की," आजोबा म्हणत. "ती काठी तुझ्यापेक्षा हुशार होती."

तो हूं म्हणे आणि खाजवत राही.

मार्च सुरू झाला तसं सेन्सेईंनी एप्रिलातल्या श्राद्धाच्या चहाची बोलणी काढली. नवऱ्याच्या आठवणीचा समारंभ. खरा, सराव नव्हे. गुडघे चालत नसल्यामुळे चहा करायला नागासेने बसावं, त्याचा हात सर्वांत शांत आहे, असं त्या म्हणाल्या. मुख्य पाहुणा म्हणून धाकटे दीर यासुमासा येणार. मग वाडगे कोणते, फुलं कोणती हे बोलता बोलता त्यांनी सहज, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं, की मी गेले की माझ्या शवपेटीत दुसरं काही नको, ही पळी तेवढी हातात द्या. त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जायला बरं दिसत नाही.

कुझे बाईंनी डोळे टिपले. नागासेच्या डोळ्यांसमोर मात्र सगळं उभं राहिलं: परलोकातला थांबा, गणवेशातले ओगुरा ड्रायव्हर, सेन्सेई लांबचा प्रवास करून पोचलेल्या, हात पुढे केलेला. ओगुरा ती वस्तू उलटीपालटी करून पाहतात आणि विचारतात, ही नागासेच्या म्हाताऱ्याची पाठ खाजवायची काठी तू कशाला घेऊन आलीस?

त्याने ठरवलं, सांगायचं. आणि भित्रा माणूस सांगायला जी जागा शोधतो, तीच त्याने शोधली. पुढच्या शनिवारी यजमानाच्या जागी तोच होता, पाहुणी कुझे बाई. चहा झाला. बाईंनी रीतीप्रमाणे हात टेकून विचारलं, पळी कुणी घडवली?

"मी," नागासे म्हणाला.

बाईंनी मान लववली. "नाव?"

"नाव नाही. आजोबांच्या पाठ खाजवायच्या काठीची केली आहे. मूळची माझ्या हातून मोडली."

कुझे बाई चटईला कपाळ टेकेपर्यंत वाकल्या.

"केवढं वैराग्य," त्या म्हणाल्या. "मी आपली अजून हंसातच अडकले आहे."

सेन्सेईंनी डोळे मिटून थोडा विचार केला. "कल्पना धीट आहे," त्या म्हणाल्या, "पण लांबण लागली. नाव एका श्वासात मावलं पाहिजे. पुढच्या वेळी 'मोडलेली' एवढंच म्हण. वसंताच्या अखेरीला चालेल."

नागासेने आभार मानले. दुसरं काय करणार?

आता रीतीबाहेर जाऊन सांगणं भाग होतं. मंगळवारी सकाळी त्याने कामावर उशिरा येतो म्हणून कळवलं आणि मोडके तुकडे कवळीच्या प्लास्टिकच्या डबीत घालून सेन्सेईंच्या घरी गेला. दहाच्या चहाची वेळ. गावात त्या वेळी रस्ता खणणारेसुद्धा फावडं टेकवून चहा घुसळतात. अंगणातून जाताना ओसरीचं दार सरकवलेलं दिसलं. आत सेन्सेई एकट्या बसल्या होत्या. समोर वाडगा, आणि तळहातावर ती पळी. त्या पळीशी बोलत होत्या.

मुळा कसा जरड निघाला, ते सांगत होत्या. समोरच्यांनी भिंत रंगवली, पण रंग तुमच्या जुन्या बसचा, तो बघून मला हसू आलं. गुडघ्यांचं तर विचारूच नका. मग थांबल्या, जणू पलीकडून काही उत्तर आलं, आणि म्हणाल्या, बरं बाई, घेते औषध.

नागासेला परत फिरावंसं वाटलं. पाय वळलेसुद्धा. पण फिरलो तर हे रोज होणार, दहाला आणि तीनला, त्या पेटीत जाईपर्यंत, हे त्याला कळलं. तो ओसरीशी गेला, तिथेच खडीवर गुडघे टेकून बसला, डबी उघडून पुढे ठेवली, आणि बंडीपासून पात्यांपर्यंत सगळं सांगितलं. या वेळी लांबण लागली तरी चालली.

सेन्सेईंनी तुकडे जुळवून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग तळहातावरची पळी त्यांच्या शेजारी ठेवली.

"पाठ खाजवायला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि यंदा ही बोलते असं वाटलं, म्हणून मी जानेवारीपासून रोज हिच्याशी बोलायला लागले."

त्याला वाटलं होतं, त्या रागावतील. तो शिव्यांची, दार बंद होण्याची, वर्गातून नाव काढल्याची तयारी करून आला होता. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

"मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "सबंध संसार केला त्या माणसाबरोबर. त्याची पावलं ऐकून बस का उशिरा आली ते सांगायची मी. आणि हातात दुसऱ्याचं लाकूड आलं, तर मीच म्हणाले, खुलत चाललं आहे."

नागासे म्हणाला की दोष त्याचा आहे, नक्कल हुबेहूब होती, त्याचा धंदाच तो आहे.

"नागासे, तुमची बाजू तुम्ही मांडलीत," सेन्सेई म्हणाल्या. त्या त्याला कधी तुम्ही म्हणत नसत. "आता माझी मला बघू द्या."

तेव्हा त्याला उमगलं, की अपराध त्याने कमी केला नव्हता. दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला होता. खरं बोलून मन हलकं होतं म्हणतात. होतं खरं. वजन कुठे जातं ते कुणी बोलत नाही.

जाताना सेन्सेईंनी सांगितलं, की श्राद्धाला चहा त्यानेच करायचा, आणि याच नव्या पळीने. यासुमासा विचारतील तेव्हा सगळं सांगायचं. मोडली कशी ते, केली कशाची ते, आणि मला ओळखता आलं नाही तेही. ते विशेष करून. खऱ्या चहात खोटं चालत नाही.

श्राद्धाच्या दिवशी तळ्यावर धुकं होतं. पाहुणे मोजकेच. सेन्सेई मागच्या खोलीत, सरकत्या दाराआड बसल्या होत्या. मुख्य पाहुण्याच्या जागी यासुमासा. हे रेल्वेत तिकीट तपासनीस होते आणि निवृत्तीनंतरही जगाकडे, मुदत संपलेला पास बघावा तसं बघत. शेवटच्या जागेवर कुझे बाई. दाट चहाचा वाडगा एकाकडून दुसऱ्याकडे गेला, सगळ्यांनी घोट घोट घेतला, आणि यासुमासांनी पळी बघायला मागितली.

त्यांनी ती उचलली मात्र, त्यांची भुवई वर गेली. पाठीवर पातं घसरल्याची खूण होती तिथे त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. नंतर कळलं, मूळ पळीवर घसरलेलं ते पातं त्यांचंच होतं. दादाला त्यांनीच उसनं दिलं होतं आणि ते घसरलं तेव्हा शेजारी बसून हसले होते.

पळी चटईवर ठेवून त्यांनी हात टेकले. "पळी कुणी घडवली?" आवाज रीतीचा होता, नजर मात्र दाराकडे होती.

नागासेने सांगितलं. बंडी सांगितली, खाज सांगितली, कट्‌ आवाज सांगितला, काठी सांगितली. काळ्या सुटातल्या एका चुलतभावाला ठसका लागला. यासुमासा हलले नाहीत.

"आणि वहिनींना हे केव्हा कळलं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न रीतीत नाही.

दाराआडची सगळी हालचाल थांबली. नागासेला ठाऊक होतं, काय सांगायचं आहे. ते त्याने घरी घोकलंही होतं, आजोबांची पाठ खाजवताना. त्याने तोंड उघडलं.

"लगेच," तो म्हणाला. "मी पुढे ठेवली, त्यांनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, ही त्यांची नाही."

हे बोलून झाल्यावर त्याची नजर शेवटच्या जागेकडे गेली. कुझे बाई. जानेवारीपासून दर शनिवारी त्या पळीतला एकाकीपणा सेन्सेईंसोबत चाखणाऱ्या कुझे बाई. त्यांचं तोंड उघडलेलं होतं. उघडलेलं तोंड रिकामं मिटण्याची त्यांना सवय नव्हती.

"मी होते ना तिथे," त्या म्हणाल्या. "असं झापलं याला, की माझ्या हातातली मिठाई खाली पडली. मी बावळट, मी म्हणत होते छान आहे, छान आहे. मलाही बोलणी बसली."

यासुमासांनी कुझे बाईंकडे पाहिलं, नागासेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. आयुष्यभर तिकिटं तपासलेला माणूस. मग त्यांनी मान खाली घातली आणि राहिलेला प्रश्न विचारला, नाव काय. नागासे म्हणाला, नाव ठेवायचा मला हक्क नाही. त्यांनी तेही मान्य केलं.

नागासे भांडी घेऊन मागच्या खोलीत आला आणि दार सरकवलं. सेन्सेई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मी काय सांगायला सांगितलं होतं?" त्या कुजबुजल्या.

त्याने मान खाली घातली.

"आता मला बाहेर जायचं आहे. त्यांच्यासमोर बसायचं आहे, सगळं ओळखलेल्या बाईचा चेहरा घेऊन. तू माझ्यावर केवढं ओझं घातलंस, कळतं का तुला?" पुन्हा 'तू'. त्याला रडू यायला लागलं आणि त्याची त्याला लाजही वाटली.

सेन्सेईंनी किमोनोचा कमरपट्टा, ओबी, नीट केला. मग विचारलं, जानेवारीपासून मार्चपर्यंत माझ्यासमोर तू चेहरा कसा ठेवत होतास?

त्याने खरं ते सांगितलं. "चटईच्या काठाकडे बघायचं. पोट आत घ्यायचं. आणि कुणी कौतुक केलं की श्वास सोडायचा नाही."

सेन्सेईंनी जमिनीकडे पाहिलं, पोट आत घेतलं, आणि दार सरकवून गेल्या. गुडघे कडकडले. पलीकडे सगळे वाकल्याचा कपड्यांचा आवाज झाला. नागासे वाडगा खंगाळायला बसला, तोच दाराआडून यासुमासांचा आवाज आला: वहिनी, दादाचा हात तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?

त्यावर सेन्सेई काय म्हणतात ते ऐकू येऊ नये, म्हणून त्याने नळ पूर्ण सोडला.